साधार स्पष्ट करा

परीक्षेला आठ दिवस उरले असताना माझ्या बहिणीची नात, ऋतुजा, माझ्याकडे सांगलीला राहायला आली. टी. वाय. बी. ए., विषय मराठी. बॅगेतून तिनं जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स काढल्या, तीन रंगांचे हायलायटर काढले, कोपरे दुमडलेलं गाइड काढलं. नाटक काढलं नाही.

“नाटक कुठंय?” मी विचारलं.

“गाइडमध्ये सारांश आहे ना, मावशीआजी. तिन्ही अंकांचा.”

मी रागावले नाही. रागवायचा मला अधिकार नाही. का, ते पुढं सांगते.

नाटक होतं विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. प्रश्न नेहमीचाच: या नाटकाचे आशयसूत्र साधार स्पष्ट करा. पंधरा गुण. सरावासाठी तिनं लिहून काढलेलं उत्तर मी वाचायला घेतलं. पहिल्या पानावर तेंडुलकरांचा जन्म, मृत्यू आणि गाजलेल्या नाटकांची यादी. दुसऱ्यावर कथानक. तिसऱ्यावर, लेखकाने पुरुषप्रधान समाजव्यवस्थेवर प्रखर प्रकाश टाकला आहे. चौथ्यावर तेच पुन्हा, फक्त ‘प्रखर’च्या जागी ‘विदारक’ आणि ‘प्रकाश’च्या जागी ‘चित्रण’. अक्षर मात्र मोत्यासारखं.

बत्तीस वर्षं मी कॉलेजात मराठी शिकवलं आणि त्यातल्या कितीतरी उन्हाळी सुट्ट्या कॅपमध्ये घालवल्या. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका जिथं एकत्र बसून तपासतात त्या केंद्राला आम्ही कॅप म्हणतो. लांबलचक हॉल, कुरकुरणारे पंखे, समोर दोऱ्यानं बांधलेले गठ्ठे, अकरा वाजता किटलीतला चहा. एका मोठ्या उत्तराला तपासणाऱ्याकडून चार-पाच मिनिटं मिळतात, संध्याकाळी त्याहून कमी. हे विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. आणि तिसाव्या उत्तरपत्रिकेत जेव्हा पुन्हा ‘प्रखर प्रकाश’ येतो, तेव्हा डोळे दिपत नाहीत, मिटायला लागतात.

ऋतुजाला मी म्हटलं, “प्रश्न वाच.”

“नाटकाचे आशयसूत्र स्पष्ट करा.”

“एक शब्द खाल्लास.”

तिनं परत पाहिलं. ‘साधार’. जवळजवळ सगळी मुलं हा शब्द गिळतात. साधार म्हणजे आधारासह. तू म्हणतेस ते नाटकात कुठं दिसतं ते दाखव, एवढंच परीक्षक मागतो आहे. प्रश्नाच्या शेपटीला असलेले हे शब्द मुलांना शोभेचे वाटतात. ‘चर्चा करा’ म्हटलं की दोन बाजू हव्यात. ‘टीप लिहा’ म्हटलं की प्रस्तावना नको, थेट मुद्द्यावर यायचं. ‘परामर्श घ्या’ हा शब्द मला स्वतःला कधीच आवडला नाही; प्रश्न काढणाऱ्यालाही नेमकं काय हवंय ते ठाऊक नसावं असा मला दाट संशय आहे. पण ‘साधार’ प्रामाणिक शब्द आहे.

आता आशयसूत्र. कॉलेजात पहिल्या तासाला मी फळ्यावर दोन शब्द लिहायची, विषय आणि आशयसूत्र, आणि विचारायची की फरक काय. वर्ग खिडकीबाहेर बघायचा. मग मी माझी घरगुती कसोटी सांगायची: एका शब्दात उरकतं तो विषय, ज्याला क्रियापद लागतं ते आशयसूत्र. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा विषय दारू. १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीनं ते रंगमंचावर आणलं, गडकरी त्याआधी थोडेच दिवस गेले होते. या नाटकावर मद्यपानाचे दुष्परिणाम लिहून मुलं मोकळी होतात. पण सुधाकर पहिला प्याला तोंडाला लावतो तो चवीसाठी नव्हे. कोर्टात त्याचा अपमान झालेला असतो, वकिलीची सनद काही काळासाठी गेलेली असते, आणि ती आग विझवायला तळीराम प्याला पुढं करतो. ‘दुखावलेला अभिमान माणसाला दारूपर्यंत नेतो आणि त्याची किंमत घर मोजतं’: यात क्रियापदं आहेत, म्हणून यावर वाद घालता येतो. ‘दारू’ या शब्दाशी कोण वाद घालणार?

ऋतुजाचा ‘पुरुषप्रधान समाज’ हाही नुसता शब्दच. तो खोटा नाही, पण तो मराठीतल्या निम्म्या नाटकांना लावता येतो, आणि जे सगळ्यांना लागतं ते कुणालाच नीट बसत नाही.

म्हणून मी कपाटातून माझी जुनी प्रत काढली आणि तिला फक्त पहिली काही पानं वाचायला लावली. एका गावातलं सभागृह. संध्याकाळी तिथं मुंबईहून आलेली मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करणार आहेत. लीला बेणारे ही शिक्षिका आणि गावातला सामंत इतरांच्या आधी येऊन पोचतात. दार उघडताना बेणारेबाईंचं बोट कडीत चेंगरतं. ती कडीच खोडकर आहे, नीट सरकवली नाही तर बाहेरून आपोआप लागते. बाई बोट तोंडात धरतात, थट्टा करतात, विषय संपतो.

“मग?” ऋतुजा म्हणाली.

“मग पुढं वाच.”

पुढं मंडळी जमतात. वेळ जावा, सामंताला खटला म्हणजे काय ते कळावं, म्हणून खोटा खटला भरवायचं ठरतं. संध्याकाळच्या खऱ्या प्रयोगात आरोपी आहेत अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन, अण्वस्त्रांवरून. पण सरावासाठी घरचाच आरोपी बरा. बेणारेबाई आत गेलेल्या असताना त्यांचं नाव ठरतं. त्या परत येतात तेव्हा आरोप तयार असतो, भ्रूणहत्येचा, कलम ३०२ खाली. सगळे हसतात, त्याही हसतात. मग साक्षी सुरू होतात आणि हळूहळू कळतं की बाई खरोखरच गरोदर आहेत, मुलाचे वडील प्रोफेसर दामले या मंडळींतलेच आहेत आणि नेमके आज आलेले नाहीत. बाई उठून निघतात. दाराशी जातात. दार उघडत नाही. कडी बाहेरून लागलेली.

ऋतुजा थांबली. “म्हणजे सुरुवातीलाच...”

“हं.”

तेंडुलकरांनी ती कडी पहिल्या पानांत लावून ठेवली होती. खेळ म्हणून आत आलेल्या बाईला बाहेर जाता येत नाही, आणि तिला अडकवण्यात कुणा एकाचा हात नाही. कडीच तशी आहे. आशयसूत्र हुडकायला ‘समाज’ या शब्दापासून निघायची गरज नाही. कडीपासून निघा, समाज आपोआप येतो.

हे एकदा कळलं की नाटक आधारांनी गच्च भरलेलं दिसतं. न्यायाधीश काशीकर कान कोरत बसतात. ज्याला ऐकायचंय तोच माणूस कान कोरतोय, यावर कुणी अर्धं पान लिहिलं तर मी आनंदानं गुण देईन. मग हे न्यायाधीश खुर्ची सोडतात आणि साक्षीदार होऊन स्वतःच साक्ष देतात. सुखात्मे सरकारी वकील आहेतच, आरोपीचे वकीलही तेच होतात, फक्त जागा बदलतात. मंडळींतलाच पोंक्षे साक्षीत बाईंच्या पर्समधून निघालेल्या ढेकणाच्या औषधाच्या बाटलीचं सांगतो. आणि शेवटची शिक्षा बघा: भ्रूणहत्येच्या आरोपीला जगू द्यायचं, पण पोटातलं मूल नष्ट करायचं. ज्या गुन्ह्यासाठी खटला भरला, तोच गुन्हा शिक्षा म्हणून सुनावला. न्यायाचं सोंग आणि न्याय यांत अंतर किती, हे सांगायला याहून मोठा आधार कुठल्या गाइडमध्ये सापडणार?

काशीकरबाईंचं मात्र मुलं हटकून विसरतात. बेणारेबाई आरोपीच्या पिंजऱ्यात जायला तयार होत नाहीत, तेव्हा त्यांना ओढून नेणारी बाईच आहे, न्यायाधीश काशीकरांची बायको, जिला तिचा नवरा चारचौघांत दर वाक्याला गप्प करतो. ‘पुरुषप्रधान’ हा शब्द वापरायचाच असेल तर तो इथं वापरा, तो वाकेल तरी आणि वजनही घेईल.

पण माझं आवडतं पात्र सामंत. भोळा, गावचा, पुतण्यासाठी कापडाचा हिरवा पोपट घेऊन आलेला. त्याला साक्षीला उभं करतात. त्याला बेणारेबाईंबद्दल काहीच माहीत नाही, त्या दिवशीच तर भेट झाली. मग तो बाईंना दामल्यांच्या खोलीत बोलताना ऐकल्याचं धडाधड सांगू लागतो, आणि लक्षात येतं की हे सगळं तो जवळच्या एका कादंबरीतून सांगतोय. तरीही वकील ती साक्ष नोंदवून घेतात, कारण ती सोयीची असते.

मी हसत ऋतुजाच्या गाइडकडे बघितलं. तिला ते लगेच समजलं.

आता माझा गुन्हा. १९७८ साली बी. ए.च्या परीक्षेला मीही हेच नाटक गाइडवर लिहिलं होतं. पुस्तक हातात न धरता. पहिला वर्ग मिळाला. उत्तरात मी ‘बेणारेबाईंच्या व्यथेला तेंडुलकरांनी वाचा फोडली’ असं लिहिलं होतं, आणि ते पुष्कळ वर्षं मला सुंदर वाटायचं. शिकवायला लागल्यावर एका उन्हाळ्यात मी नाटक खरोखर वाचलं. शेवटी न्यायालय बेणारेबाईंना बोलायला दहा सेकंद देतं. त्या उभ्या राहतात, बाकीचे जागच्या जागी थिजतात आणि बाई कितीतरी वेळ बोलत राहतात. पण ते कुणालाच ऐकू गेलेलं नसतं. वेळ संपतो आणि खटला पुढं चालू होतो, जणू त्या गप्पच होत्या. वाचा फुटते ती फक्त प्रेक्षकांसमोर. नाटकातल्या एकाही माणसापर्यंत ती पोचत नाही. म्हणजे माझं ते सुंदर वाक्य निम्मं चूक होतं, आणि परीक्षकानं त्यावर टिकमार्क केला होता.

१९६७ साली ‘रंगायन’नं हे नाटक केलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, बेणारे सुलभा देशपांडे. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला, त्यातही बेणारे सुलभाताईच. विलेपार्ल्याला असा अभिरूप खटला करायला निघालेली हौशी मंडळी तेंडुलकरांना भेटली होती, त्यातून नाटक सुचलं. ही माहिती उत्तरात घालावी का? मुलं ती हमखास पहिल्या पानावर घालतात, कारण ती पाठ असते. मी ऋतुजाला सांगितलं, दोन ओळी, त्याही मध्ये कुठंतरी, कामाला येणार असतील तर. खेळायला निघालेली साधी माणसं लेखकाला भेटली, हे ‘खेळ आणि क्रूरता’ या मुद्द्याला टेकू देतं. जन्म-मृत्यूची सालं कशालाच टेकू देत नाहीत.

मग आम्ही बसून उत्तर लिहिलं. तीन तासांचा पेपर, चार मोठे प्रश्न, म्हणजे या उत्तराला पस्तीस-चाळीस मिनिटं. त्यातली पहिली पाच मी तिला लिहूच दिलं नाही. घड्याळाकडं बघत ती कासावीस झाली. त्या पाच मिनिटांत तिनं कच्च्या पानावर एकच वाक्य तयार केलं: ‘हे नाटक दाखवतं की सभ्य माणसं खेळाच्या आडोशानं असा न्याय करतात जो उघडपणे करायचं धैर्य त्यांना झालं नसतं.’ खाली चार आधार: कडी, काशीकरांची साक्ष, शिक्षा, दहा सेकंद. शेवटी एक अडचण, कारण चांगलं उत्तर स्वतःची खोड काढतं. तिची अडचण होती सामंत. तो सभ्य आहे, पण क्रूर नाही. सगळं संपल्यावर मंडळी रंगायला निघून जातात आणि तो पडलेल्या बेणारेबाईंच्या जवळ तो हिरवा पोपट ठेवतो.

“मग माझं वाक्य चुकलं?”

“चुकलं नाही. ही अडचण उत्तरात लिही, म्हणजे वाक्य घट्ट होईल. कादंबरीतली साक्ष देणाराही हाच आहे ना.”

पाठांतराबद्दल एकच सांगून पुढं जाते. संवाद जसेच्या तसे पाठ करायची गरज नाही. चुकीचा संवाद अवतरणचिन्हांत टाकण्यापेक्षा काय घडलं ते अचूक सांगितलेलं बरं. कुठल्या अंकात, कोण कुठं उभं, कुणाच्या हातात काय. नाटक ही दिसणारी गोष्ट आहे. रंगमंचावर दिसलेलं सांगितलंत तर परीक्षकाला कळतं की हे पोरगं तिथं जाऊन आलंय.

एकदा कॅपमध्ये साडेतीन पानांचं उत्तर मला मिळालं होतं, पुरवणी न जोडता. सुरुवातच काशीकरांच्या कान कोरण्यापासून. मी पंधरापैकी तेरा दिले. मॉडरेटरनं उत्तर छोटं आहे म्हणून अकरावर आणले. मी भांडले, हरले. त्या मुलीचा नंबर एवढाच कळला, नाव कधी कळलं नाही.

ऋतुजा परीक्षेला गेली. पेपर संपल्यावर तिचा फोन आला.

“मावशीआजी, आशयसूत्र आलंच नाही! काशीकरबाईंचं व्यक्तिचित्रण आलं.”

“मग काय केलंस?”

“कडी घातलीच.”

“कडी? काशीकरबाईंत?”

“हो ना. त्या बेणारेबाईंना ओढून नेतात, आणि बाहेरून दार बंदच असतं. म्हणजे बाई पळूनही जाऊ शकत नव्हत्या, आणि काशीकरबाईंना ते माहीत होतं.”

मी पुस्तक उघडून ती दोन पानं पुन्हा वाचायला बसले.