भंगारात चाललेली पाभर शाळेत नेता येईल, पण कपाटाची किल्ली कुणाकडं राहणार?

मागच्या आठवड्यात दारात भंगारवाला आला. वडिलांच्या वापरातली पाभर, कुळवाची पास आणि गंजलेली लोखंडी मोट बाहेर काढून ठेवली होती. लोखंड काट्यावर चढायचं आणि लाकूड चुलीला जायचं, असं ठरलं होतं. तेवढ्यात सातवीतल्या मुलीनं मोटेवर हात ठेवून विचारलं, "बाबा, ही कसली बादली?"

शेतकऱ्याच्या पोरीला मोट माहीत नाही म्हणून राग आला. मग लक्षात आलं, तिनं ती पाहिलीच कुठं? तिच्या जन्माआधीच विहिरीवर मोटर बसली. माल परत गोठ्यात ठेवला.

त्याच आठवड्यात शाळेत तालुक्याच्या क्लबाचा वह्यावाटपाचा कार्यक्रम झाला. तिथं एका गुरुजींनी विषय काढला, की वह्या दरवर्षी मिळतात, एखादं लहान मुलांचं संग्रहालय होईल का? क्लबवाले म्हणाले, बघू. हे जमतं का आणि जमवायचं कसं, ते इथं सांगतो.

क्लब म्हणजे नेमकं काय?

रोटरी, लायन्स ही नावं आपण फ्लेक्सवर वाचतो. ती सरकारी खाती नाहीत आणि पक्षही नाहीत. डॉक्टर, वकील, व्यापारी, शिक्षक असे लोक वर्गणी भरून सभासद होतात आणि समाजाची कामं करतात. रोटरी १९०५ साली अमेरिकेत शिकागोला पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं सुरू केली. लायन्स १९१७ ची. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सला अंधांसाठी काम करायचं आवाहन केलं. लायन्सची डोळ्यांची शिबिरं एवढी का असतात, ते यावरून कळेल. रोटरीनं १९८५ पासून पोलिओचं काम हातात घेतलं. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. सरकार आणि आरोग्यसेविका होत्याच, पण क्लबांचाही त्यात वाटा आहे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. या क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि अध्यक्ष एका वर्षासाठी असतो. पुढचा अध्यक्ष आधीच ठरलेला असतो. म्हणून अर्ज द्यायचा तर एप्रिल-मे मध्ये द्या आणि होणाऱ्या अध्यक्षालाही भेटा. दिवाळीनंतर गेलात तर त्या वर्षाचे पैसे बहुतेक वाटून झालेले असतात. रोटरीत 'डिस्ट्रिक्ट' हा शब्द येतो, तो कलेक्टरचा जिल्हा नव्हे. अनेक क्लबांचा मिळून त्यांचा एक विभाग असतो. तिथूनही क्लबाला प्रकल्पासाठी अनुदान मिळू शकतं.

मुलांचं संग्रहालय वेगळं कसं?

साध्या संग्रहालयात 'हात लावू नये' अशी पाटी असते. मुलांच्या संग्रहालयात हात लावायचाच असतो. जगातलं असं पहिलं संग्रहालय १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात उघडलं.

आपल्या शेजारचीच दोन उदाहरणं घ्या. गुजरातमध्ये अमरेलीसारख्या लहान शहरात १९५५ पासून गिरधरभाई बालसंग्रहालय आहे. तिथून जवळच राजकोटला रोटरी मिडटाउन क्लबानं २००४ मध्ये बाहुल्यांचं संग्रहालय उभारलं. देशोदेशीच्या रोटरी क्लबांनी बाहुल्या दिल्या आणि शंभरावर देशांतल्या हजाराहून जास्त बाहुल्या जमल्या. आपल्याकडं मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५ पासून बसमध्ये फिरतं संग्रहालय चालवलं आहे.

आपल्याला एवढं मोठं करायचं नाही. शाळेतली एक खोली पुरते.

खोलीत ठेवायचं काय?

धान्याच्या मापांपासून सुरुवात करा. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. चिपट्यानं ज्वारी भरून पायली भरायला लावलं, की पोरगं स्वतःच सांगतं, सोळा चिपटी लागली. दुपटीचं गणित फळ्याशिवाय डोक्यात बसतं. शेजारी तराजू ठेवला तर किलोचा हिशेबही निघतो.

जातं ठेवा आणि मुलांना मूठभर दळू द्या. पाभरीच्या चाड्यातून नळ्यांत बी कसं उतरतं ते वाळूवर दाखवा. कोयते, विळे मात्र हाताबाहेर, बंद कपाटात. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी काड्या, बाटल्या, जुन्या ट्यूब यांतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. तशी दहा-बारा खेळणी फुकटात होतात.

गावातली जुनी मूर्ती किंवा वीरगळ मात्र उचलून आणू नका. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती-शिल्पांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. त्या जागेवरच राहू द्या, मुलांना तिथं नेऊन दाखवा.

अडतं कुठं?

मी बातमीच्या निमित्तानं एका शाळेत गेलो होतो. तिथं अशीच खोली झाली होती, फीत कापली, फोटो छापून आले. दोन वर्षांनी गेलो तर कपाटाला कुलूप आणि किल्ली कुणाकडं ते कुणालाच माहीत नाही. ज्या गुरुजींनी जमवलं त्यांची बदली झाली आणि क्लबाचा अध्यक्ष बदलला. काचेतून दिसत होतं, आत वाळवी लागली होती. वस्तू देणाऱ्या म्हातारीनं मला विचारलं, "माझं जातं तरी परत मिळंल का?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून पैसे मागायच्या आधी चार गोष्टी कागदावर आणा.

१. वस्तूंचं रजिस्टर. कोणी दिली, कधी दिली, दान की ठेव. देणाऱ्याची सही आणि वस्तूचा फोटो.

२. किल्ल्या दोन. एक शाळेत, एक गावातल्या माणसाकडं. शिक्षक बदलतात, गावचा माणूस गावातच राहतो.

३. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. आठवड्यातला उघडायचा वार ठरवा, आणि माहिती सांगायला मोठ्या वर्गातली मुलं-मुली.

४. क्लबाकडून फक्त उद्घाटनाचा खर्च मागू नका. कपाटं, दिवे, वाळवीचं औषध आणि पुढची तीन वर्षं वर्षातून एक भेट, असं लिहून घ्या.

क्लब खोली उभी करून देईल, पण ती रोज उघडायची जबाबदारी गावाचीच आहे. दान घेताना हे बोलायला आपण लाजतो आणि तिथंच फसतो.

आमच्या शाळेच्या समितीची बैठक पुढच्या शनिवारी आहे. मोट अजून गोठ्यातच आहे. ठराव झाला, रजिस्टर उघडलं, की पहिली नोंद तिचीच करणार. तोवर तुमच्या दारात भंगारवाला आला, तर काट्यावर टाकायच्या आधी घरातल्या पोरांना एकदा विचारा, ही वस्तू काय ते माहीत आहे का?