चार कोअर, चार आकडे

मे महिन्यात हिंगोलीत दुकानाच्या आतच पारा चाळिशीला टेकतो. अशा वेळी प्रोसेसर ८५ अंशांवर दिसला तर घाबरायचं का, हे आधी त्यातून खोलीचं तापमान वजा करून ठरवावं लागतं. हीटसिंकचा पंखा खोलीतलीच हवा फिरवतो; तिच्याहून थंड तो काहीच करू शकत नाही. म्हणून या दुरुस्तीच्या दुकानात स्क्रू-ड्रायव्हरांच्या शेजारी साधा थर्मामीटर असतो.

टेबलावर आडत दुकानातून निघालेला डेस्कटॉप होता. तिसऱ्या पिढीचा आय५, चार कोअर. विकत घेणाऱ्या विद्यार्थ्याला त्यावर ‘आइनस्टाइन ॲट होम’ चालवायचं होतं. लायगोच्या वेधशाळांची निरीक्षणं लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरांवर तपासणारा हा उपक्रम २००५ पासून सुरू आहे, आणि लायगो-इंडिया तर याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. टॅलीपुरतं राबलेलं मशीन रात्रभर पूर्ण लोड झेपवेल का, एवढाच प्रश्न होता.

मेकॅनिकने ‘प्राइम९५’ लावलं. मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी जॉर्ज वोल्टमन यांनी लिहिलेल्या या प्रोग्रामची ‘टॉर्चर टेस्ट’ दुरुस्तीवाल्यांनी कधीच आपलीशी केली आहे. त्यातल्या ‘स्मॉल एफएफटी’ची आकडेमोड कॅशमध्येच मावते. रॅमची वाट बघण्यात वेळ जात नाही, त्यामुळे कोअरला उसंतच मिळत नाही.

थोड्या वेळात आकडे स्थिरावले: ८६, ८९, ९१, ७८.

“दादा, तिसरा गेला का?”

“तिसऱ्याचं सोड. चौथा एवढा थंड कसा, ते बघ.”

टेस्ट थांबवली. लोड उतरल्यावर ४७, ४६, ४८, ४५. खरं निदान इथे झालं. सेन्सरच चुकत असता, तर फरक बहुधा रिकाम्या मशीनवरही तेवढाच राहिला असता. (हे सेन्सर कमाल मर्यादेजवळ नेमके आणि खाली जरा ढिले असतात, हेही धरून.) इथे तीन अंशांचा फरक लोडवर तेरा झाला, म्हणजे उष्णता बाहेर पडण्याच्या वाटेत एका बाजूला अडथळा.

कूलरच्या चार प्लास्टिक पिनांपैकी एक बोर्डात पुरती बसलीच नव्हती. हीटसिंक काढला तर पेस्ट एका कडेला पातळ, दुसऱ्या कडेला जाड थर. पुसून नवी लावली, समोरासमोरच्या पिना जोडीने दाबल्या. आता ७९, ८१, ८२, ७७.

उरलेल्या पाच अंशांना त्याने हात लावला नाही, आणि ते योग्यच. या चिपमध्ये कोअर एका ओळीत असतात. काळी-पिवळी जीपमध्ये मधल्या माणसाला दोन्हीकडून ऊब लागते, तसं मधल्या दोघांचं. शिवाय २०१२ च्या या पिढीत इंटेलने झाकणाखाली सोल्डरऐवजी पेस्ट वापरली. “झाकण उघडायचं काम यूट्यूबवाल्यांना करू दे,” तो म्हणाला.

त्याला खरी धास्ती वेगळ्याच गोष्टीची. प्राइम९५ आलेलं उत्तर माहीत असलेल्या उत्तराशी ताडून बघतं. ९० अंशांवर बरोबर उत्तर देणारा कोअर चालेल, ६० वर चुकणारा नाही. २०१६ मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरांमधला दोष याच प्रोग्राममुळे चव्हाट्यावर आला होता. त्याचा तापण्याशी संबंध नव्हता.

म्हणून टेस्ट पुन्हा लावली, रात्रभरासाठी.

“आणि लाइट गेली तर?”

“तर उद्या परत.”