उत्खननाच्या अर्जात माहितीचाही हिशेब हवा



आपल्या मंडळातील एका कुटुंबातली मुलगी पुरातत्त्वशास्त्रात संशोधन करते. उत्खननाच्या अनुदानासाठी केलेला अर्ज तिने मला वाचायला दिला. मजुरी, प्रवास, यंत्रांचे भाडे, सगळी बेरीज बरोबर होती. पण संगणकावरची माहिती कशी सांभाळणार, या प्रश्नापुढे एकच ओळ होती : ‘हार्ड डिस्कवर ठेवू.’ बँकेत माझा जन्म कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात गेला, त्यामुळे तिथेच अडलो.

रोकड जुळली नाही तर पुन्हा मोजता येते, पण टेकाड पुन्हा खोदता येत नाही. थर काढला की तो गेला. मागे राहतात त्या वस्तू आणि नोंदी. आपल्या खानदेशात तापीकाठच्या प्रकाशे येथे १९५४-५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केले. त्याचा अहवाल छापलेला आहे, म्हणून आजही वाचता येतो. याउलट लंडनमधील न्यूहॅम येथील पुरातत्त्व विभाग १९९८ साली बंद पडला, तेव्हा त्यांचे काम दोनशेहून अधिक फ्लॉप्यांवर होते. यॉर्क विद्यापीठातील आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस या संस्थेने त्या सोडवायला घेतल्या, तरी काही फायली वाचता आल्याच नाहीत.

म्हणूनच अनुदान देणारे आता आधीच विचारतात. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने जानेवारी २०११ पासून अर्जासोबत माहिती-व्यवस्थापनाची योजना सक्तीची केली. ती दोन पानांत बसवायची होती. त्यात पुढील गोष्टी स्पष्ट लिहाव्यात.

१. काय जमा होणार : छायाचित्रे, ड्रोनची चित्रे, मोजमापे, खापरांचे तक्ते, नकाशे, अंदाजे किती जागा लागेल.

२. कोणत्या स्वरूपात : उद्या दुसऱ्या संगणकावरही उघडेल असे. तक्ते सीएसव्हीत, छायाचित्रे टिफमध्ये. फाइलच्या नावात स्थळ, खड्डा आणि तारीख हवी. खात्याला नंबर नसेल तर व्हाउचर कुठे लावणार?

३. प्रती किती : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. २००६ च्या तापीच्या पुरात सुरतेत किती घरांची कागदपत्रे भिजली, ते आपण पाहिले आहे. तिन्ही प्रती एकाच कपाटात असतील तर त्या एकच समजा.

४. कोणाला दिसणार : निष्कर्ष खुले ठेवावेत, पण जिथे चोरट्या खोदाईचा धोका आहे, तिथले नेमके ठिकाण जाहीर करू नये.

५. नंतर कोण सांभाळणार : खात्याला वारसदार नेमतो तसेच हे आहे. विद्यापीठ किंवा अभिलेखागाराची संमती अर्जाआधीच लेखी घ्यावी.

६. खर्च : साठवणूक आणि नोंदी नीट लावणाऱ्या माणसाचा पगार अंदाजपत्रकात धरावा. इथे बहुतेकांची चूक होते. अनुदान संपल्यावर या कामाला पैसे कोणी देत नाही.

तिने ती ओळ खोडून दीड पान लिहिले आणि एका माणसाचा तीन महिन्यांचा पगार वाढवला. अर्ज आता गेला आहे. निकाल काहीही लागो, खोदलेले हरवणार नाही, एवढी व्यवस्था तिने केली आहे.

आपल्या घरातील कोणी असा अर्ज करत असेल, तर कतारगामला माझ्याकडे जरूर पाठवा. आकडे मी तपासून देईन.