महिन्याचा बेकिंग बॉक्स घ्यावा का?

चेन्नईतल्या वेलचेरीत एका मराठी घरी दर महिन्याला बेकिंगचा बॉक्स येतो. मैदा, साखर, कोको मोजून पाकिटांत भरलेले, सोबत कृतीचं कार्ड. लोणी, अंडी, दूध मात्र घरचंच. म्हणजे केकमधला महागडा भाग बहुधा बॉक्सबाहेरच राहतो!

मग पैसे कशाचे? मोजमापाचे आणि सवय लागण्याचे. नवशिक्याला तेही मोलाचं आहे. एक कप मैदा कुणी हलका भरतं, कुणी दाबून. ग्रॅममध्ये मोजलेलं पाकीट ही चूक टाळतं.

चेन्नईची हवा मात्र विसरू नये. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, उन्हाळ्यात इथला पारा त्याच्याही वर जातो. त्यामुळे खरं चॉकलेट असलेला बॉक्स एप्रिल-मेमध्ये मागवूच नये. दमट हवेत बेकिंग पावडरही लवकर मरते. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकावी. फसफसली नाही तर फेकून द्यावी.

दोन-तीन महिने घ्यावा, हात बसला की थांबवावा. त्याच पैशांत डिजिटल काटा घ्यावा, तो वर्षानुवर्षं टिकतो. घाऊक सामानासाठी वेलचेरीहून लोकलने बीच स्टेशन गाठलं की पॅरीज कॉर्नर जवळच आहे.

तुमच्या बॉक्समध्ये काय येतं? कमेंटमध्ये यादी टाका, हिशेब मिळून करू.