पाड्यावरच्या पहिलटकरणीसाठी : कोणती मदत, कधी, कुठे

नंदुरबार, पालघर, गडचिरोली किंवा मेळघाटातल्या पाड्यावर आई होणारी मुलगी पुष्कळदा अजून विशीतही आलेली नसते. तिच्यासाठी योजना बऱ्याच आहेत, पण त्या एका ठिकाणी मिळत नाहीत. आपल्या घरी किंवा शेजारी अशी कोणी असेल, तर या क्रमाने जावं.

आधी नोंदणी. पहिल्या बारा आठवड्यांतच आशाताई किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरकडे नाव घालावं. तिथे माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं. मुलगी माहेरी जाणार असो की वीटभट्टीवर, कार्ड तिच्या पिशवीतच हवं.

मग तपासण्या. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन होतंच. आपण सिकलसेलचं आवर्जून विचारावं. या आनुवंशिक आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. मुलगी ‘वाहक’ निघाली, तर घरात रडारड सुरू होते. वाहक म्हणजे आजारी नव्हे. मात्र नवऱ्याचीही तपासणी करावी, कारण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी बाळाची शक्यता चारात एक असते.

लोहाच्या गोळ्या १८० दिवस रोज घ्यायच्या असतात. शौचाला काळं होतं, मळमळतं, म्हणून त्या डब्यात पडून राहतात. काळं होणं अपेक्षितच आहे. गोळी जेवणानंतर घ्यावी. चहाबरोबर मात्र नको.

अनुसूचित क्षेत्रातल्या अंगणवाडीत २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस ताजं जेवण मिळतं. तिने ते तिथेच बसून खावं. डबा घरी नेला की तो सगळ्यांत वाटला जातो आणि तिच्या वाट्याला भाताचे दोन घास उरतात.

आता पैसे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात: नोंदणी आणि किमान एक तपासणी झाल्यावर ३,०००, बाळाची जन्मनोंद आणि लसींची पहिली फेरी झाल्यावर २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल, तर ६,००० रुपये एकदम मिळतात. खातं तिच्या एकटीच्या नावावर हवं. घोळ होतो तो इथेच. रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते आणि ते खातं आश्रमशाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेलं असू शकतं. ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणण्याआधी बँकेत आधार कुठल्या खात्याला जोडलाय ते विचारावं.

अठराच्या आतल्या मुलीला ही रक्कम मिळत नाही. शिवाय लैंगिक अत्याचारांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या पॉक्सो कायद्यानुसार दवाखान्याला तिच्याबद्दल पोलिसांना कळवावं लागतं. त्या धास्तीने घरीच बाळंतपण उरकलं जातं आणि जीव जातो तो तिथे. वय कमी आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. पोलिसांची भीती वाटत असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावं. महिला आणि अनुसूचित जमातींना तिथे वकील मोफत मिळतो.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, सगळं मोफत असतं. १०२ची गाडी नेते आणि घरीही सोडते. पावसात वाट बंद होत असेल, तर गाडीवर विसंबू नये. काही दुर्गम आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ आहे, तिथे दिवस भरण्याआधीच जाऊन राहता येतं.

शिक्षणाचं कोणी विचारत नाही, म्हणून आपणच विचारावं. शाळा सुटलेली मुलगी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसू शकते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचाही पर्याय आहे. शाळा सोडल्याचा दाखला आधीच आणून ठेवावा, फॉर्मची मुदत थोडी असते. जातीचा दाखला माहेरच्या, वडिलांकडच्या कागदांवर निघतो. सासरची कागदपत्रं चालत नाहीत. खरी अडचण तान्ह्या बाळाला सांभाळायचं कुणी, ही. पाळणाघरं फार थोड्या गावांत आहेत. तेव्हा अभ्यासाचे दोन तास बाळ कुणाकडे राहील, हे फॉर्म भरण्याआधी सासूबाईंशी किंवा आईशी बोलून ठरवावं.