रात्रपाळीतली स्पॅनिश

१९३० सालच्या ऑक्टोबरात युनिव्हर्सल स्टुडिओत 'ड्रॅक्युला'चं चित्रीकरण दोन पाळ्यांत चालू होतं. दिवसा टॉड ब्राउनिंग बेला लुगोसीला घेऊन इंग्रजी चित्रपट करायचा. संध्याकाळी ती मंडळी घरी गेली की त्याच कोळिष्टकांत, त्याच दगडी जिन्यावर दुसरा संच उभा राही आणि पहाटेपर्यंत तीच कथा स्पॅनिशमध्ये चित्रित करी. दिग्दर्शक जॉर्ज मेलफर्डला स्पॅनिश येत नव्हतं; नटांना सूचना द्यायला मध्ये दुभाषी लागे.

हा खटाटोप बोलपटाने लादलेला होता. मूकपटातल्या मजकुराच्या पाट्या बदलल्या की चित्रपट कुठल्याही देशात चाले. नट बोलू लागले आणि माद्रिदपासून ब्यूनोस आयर्सपर्यंतचा स्पॅनिश प्रेक्षक हॉलिवुडच्या हातून निसटू लागला. दुसऱ्याचा आवाज चढवण्याचं तंत्र तेव्हा बाल्यावस्थेत होतं, म्हणून सगळा चित्रपट नव्याने करायचा. पॅरामाउंटने तर पॅरिसजवळ जॉइनव्हिल इथे यासाठी स्वतंत्र स्टुडिओच चालवला. टँगो गायक कार्लोस गार्देलचे काही चित्रपट तिथलेच.

स्पॅनिश 'ड्रॅक्युला' मला इंग्रजीपेक्षा सरस वाटतो. रात्रीच्या मंडळींना दिवसाचं काम पाहायला मिळे, आणि ते त्याच्यावर मात करत. त्यांचा कॅमेरा अधिक फिरतो, प्रसंगांना अधिक वेळ मिळतो. इंग्रजी चित्रपट सुमारे ७५ मिनिटांचा, हा १०४ मिनिटांचा. पण कान देऊन ऐकलं की एक गोष्ट खटकते. ड्रॅक्युला झालेला कार्लोस व्हियारियास स्पेनमधल्या कॉर्दोबाचा, नायिका लुपिता तोवार मेक्सिकोची, नायक बॅरी नॉर्टन अर्जेंटिनाचा. एकाच घरातली माणसं तीन देशांच्या धाटणीने बोलतात. खरी स्पॅनिश कोणाची, यावर त्या काळी वृत्तपत्रांतून वाद रंगले. प्रेक्षकांना आपली भाषा ऐकू येत होती, पण आपलं गाव ऐकू येत नव्हतं.

आपलं गाव ऐकवायचं तर चित्रपट आपल्याकडे व्हायला हवा, आणि घोडं तिथेच अडलं होतं. ध्वनिमुद्रणाची यंत्रं मोठ्या अमेरिकन कंपन्यांची. अवजड, महाग आणि त्यांच्या अटींवर मिळणारी. स्वस्त पर्याय तबकड्यांचा. चित्र फिल्मवर आणि आवाज वेगळ्या तबकडीवर. फिल्म तुटली आणि चार चौकटी कापून जोडली की पुढच्या सगळ्या रिळात ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. मेक्सिकोत असे प्रयोग झाले होते. त्यांतून धंदा उभा राहिला नाही.

उत्तर शोधलं होसेलितो आणि रोबेर्तो रोद्रिगेस या भावांनी. कुटुंबासोबत लॉस एंजेलिसला गेलेली ही दोन तरुण मेक्सिकन मुलं. त्यांनी स्वतःचं ध्वनिमुद्रण यंत्र बनवलं, तेही इतकं हलकं की सहज उचलून नेता यावं. तत्त्व प्रकाशाचं: मायक्रोफोन आवाजाचं विजेत रूपांतर करतो, विजेच्या चढउताराबरोबर प्रकाश बदलतो आणि तो बदल फिल्मच्या कडेला अरुंद पट्टीवर उमटतो. चित्रपटगृहात त्या पट्टीतून प्रकाश गेला की पुन्हा आवाज. तत्त्व नवं नव्हतं. ते मोठ्या कंपन्यांच्या मुठीबाहेर काढून आटोपशीर पेटीत बसवणं, हे या भावांचं कर्तृत्व. सिनेमाच्या इतिहासात दिग्दर्शकांना प्रकरणं मिळतात आणि अशा माणसांना तळटीप, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याच सुमारास मेक्सिकोत 'सांता' या बोलपटाची जुळवाजुळव चालू होती. फेदेरिको गाम्बोआच्या याच नावाच्या १९०३च्या कादंबरीवर १९१८ साली मूकपट येऊन गेला होता. चिमालिस्ताक या खेड्यातली पोर, सैनिकाने फसवलेली, शहरात कुंटणखान्यात पोचलेली. तिच्यावर जीव लावणारा तिथला आंधळा पियानोवादक इपोलितो. ज्याला जग फक्त ऐकू येतं तो माणूस कथेच्या मध्यावर, म्हणजे बोलपटाला याहून नेमका विषय मिळणं कठीण. माणसं बरीचशी हॉलिवुडमधून आली: दिग्दर्शक अँतोनियो मोरेनो, छायालेखक अ‍ॅलेक्स फिलिप्स आणि 'ड्रॅक्युला'ची तीच लुपिता तोवार. गाणं आगुस्तिन लाराचं. आवाज रोद्रिगेस बंधूंच्या यंत्राचा. ३० मार्च १९३२ रोजी मेक्सिको सिटीच्या पालासिओ चित्रपटगृहात 'सांता' झळकला.

त्याच्या दोनच महिने आधी, फेब्रुवारीत, मुंबईत 'अयोध्येचा राजा' लागला होता. प्रभातनेही तो मराठी आणि हिंदी असा दोनदा केला. पण दोन्हींत दुर्गाबाई खोटेच होत्या आणि दोन्ही एकाच घरचे होते. हॉलिवुडच्या रात्रपाळीत नेमकं तेच नव्हतं.

पुढच्या काही वर्षांत हॉलिवुडचे स्पॅनिश चित्रपट आटत गेले आणि मेक्सिकोचा उद्योग लॅटिन अमेरिकेभर पसरला. रोद्रिगेस बंधू यंत्रापाशी थांबले नाहीत. होसेलितोने १९४१ साली होर्हे नेग्रेतेला घेऊन 'आय हालिस्को, नो ते राहेस' केला. त्यांचा धाकटा भाऊ इस्माएल याच्या 'नोसोत्रोस लोस पोब्रेस'मध्ये, १९४८ साली, पेद्रो इन्फांते मेक्सिको सिटीच्या गरीब वस्तीतला सुतार झाला आणि त्या वस्तीच्याच बोलीत बोलला.