उभी राहिलेली गाडी का बिघडते?

पुंडलिकनगरात किंवा शेजारच्या गारखेडा भागात एखाद्या जिन्याखाली गोणपाटाने झाकलेली जुनी मोटारसायकल दिसली, तर त्यात नवल नाही. कधी ती येझदी असते, कधी राजदूत, तर कधी कावासाकी बजाज. छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचे, दुचाकीशी जवळचे नाते आहे. शहराजवळ वाळूज येथे १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी या कंपनीची कावासाकी बजाज केबी १०० बाजारात आली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची येझदी १९९६ पर्यंत तयार होत होती. वडिलांची किंवा आजोबांची पहिली गाडी भंगारात द्यायला मन धजत नाही. म्हणून ती वर्षानुवर्षे तशीच उभी राहते.

अशा गाड्या पुन्हा चालू करण्याच्या चित्रफिती विद्यार्थी हल्ली मोबाइलवर आवडीने पाहतात. वीस वर्षे पडून असलेली गाडी, थोडी साफसफाई, दहा-बारा किका आणि धूर सोडत सुरू झालेले इंजिन! नवखा प्रेक्षक खूश होतो. पण जुन्या गाड्यांचा जाणकार शौकीन तीच चित्रफीत पाहताना अस्वस्थ होतो. ‘अरे, किक मारू नकोस, आधी तेल सोड!’, ‘टाकी अशी साफ करतात का?’ असे त्याच्या तोंडून निघून जाते. हा केवळ हौशी माणसाचा हट्ट नव्हे. त्याच्या प्रत्येक आक्षेपामागे शाळेत शिकवले जाणारे विज्ञान आहे. ते कसे, हे आपण पाहू.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करावी. यंत्र वापरले की झिजते. मग जी गाडी वापरलीच नाही ती नव्यासारखी राहायला हवी. तसे का होत नाही? वर्गात हा प्रश्न विचारून मुलांचे तर्क फळ्यावर लिहून घ्यावेत. उत्तर थोडक्यात असे आहे: गाडी थांबली तरी तिच्यातल्या रासायनिक अभिक्रिया थांबत नाहीत.

शिळे पेट्रोल

दहावीच्या रसायनशास्त्रात आपण क्षरण आणि खवटपणा एकत्रच शिकवतो, कारण दोन्हींच्या मुळाशी ऑक्सिडीकरण आहे. जुन्या गाडीत ही दोन्ही उदाहरणे शेजारीशेजारी सापडतात.

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक आधी उडून जातात. उरलेल्यांपैकी काहींचे हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्सिडीकरण होते आणि डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. डब्यात राहिलेले शेंगदाण्याचे तेल खवट होते, त्याच जातीची ही क्रिया आहे. हा चिकटा कार्बोरेटरमध्ये बसतो. कार्बोरेटरमधल्या ज्या जेटमधून इंजिन मंद चालताना पेट्रोल येते, त्याचे छिद्र अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही लहान असते. ते बुजायला चिकट्याचा पातळ थरही पुरतो. म्हणून मिस्त्री सर्वांत आधी कार्बोरेटर उघडतो. जेट तारेने कोरले की जाणकार चिडतो. मऊ पितळेचे छिद्र तारेने रुंदावते आणि मग पेट्रोल-हवेचे प्रमाण कायमचे बिघडते.

टाकीत पाणी कोठून आले?

टाकीच्या झाकणाला हवा जाण्यासाठी बारीक वाट असते. दिवसा टाकी तापते, आतली हवा व पेट्रोलची वाफ प्रसरण पावून बाहेर पडते. रात्री टाकी निवते, आतली हवा आकुंचन पावते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. पावसाळ्यात ही हवा दमट असते. थंड पत्र्यावर तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात. टाकी असा रोज एक श्वास घेते आणि दर श्वासाबरोबर थोडे पाणी आत येते.

हे पाणी तळाशी जाते, कारण पेट्रोलची घनता पाण्याच्या सुमारे तीन-चतुर्थांश असते. मागे जमलेले पाणी त्यामुळे तळाशी, कॉकच्या आजूबाजूलाच साचते आणि तेथील पत्रा सडतो. वर्गात पेट्रोल आणू नये. पारदर्शक बाटलीत खाद्यतेल व पाणी घालून हलवले तरी थरांची कल्पना येते.

आता यात एक नवी भर पडली आहे. भारतातल्या पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल पाण्यात सहज मिसळते. त्यामुळे थोडे पाणी पेट्रोलमध्ये सामावून जाते. पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व तळाशी बसतात. कॉकमधून आधी हाच थर कार्बोरेटरमध्ये उतरतो. शिवाय १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, तर १ ग्रॅम इथेनॉलला सुमारे ९ ग्रॅमच पुरते. शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेल्या जुन्या कार्बोरेटरला हे समजत नाही. तो पूर्वीइतकेच इंधन सोडतो आणि मिश्रणात हवेचे प्रमाण गरजेपेक्षा जास्त होते. जुने रबरी नळ व वायसर इथेनॉलने फुगतात किंवा तडकतात, हे वेगळेच. गाडी चालू झाल्यावर पेट्रोलची गळती आधी तपासावी, हा शौकिनांचा आग्रह म्हणूनच रास्त आहे.

पहिली किक का मारू नये?

पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मिलीमीटरच्या काही शतांशांइतकीच असते. बंद गाडीच्या सायलेन्सरमधून दमट हवा आत शिरते. पिस्टन अॅल्युमिनियमचा असला तरी त्याच्या रिंगा आणि सिलिंडरचा आतला पृष्ठभाग बहुधा लोखंडी असतो. त्यावर गंज चढतो. ज्या लोखंडापासून गंज तयार होतो, त्याच्या दुपटीहून अधिक जागा तो व्यापतो. एवढ्या अरुंद फटीत गंज फुगला की पिस्टन जागीच अडकतो.

अशा वेळी जोराने किक मारली तर रिंग तुटते किंवा सिलिंडरला चरे पडतात. जाणकार माणूस प्लग काढून त्या छिद्रातून पातळ तेल सोडतो आणि दोन-चार दिवस वाट पाहतो. बारीक फटीत तेल आपोआप पुढे सरकते. दिव्याच्या वातीत तेल चढते ते याच केशाकर्षणाने. येथे हातोडीपेक्षा धीर उपयोगी पडतो. पण चित्रफितीत हे चार दिवस चार सेकंदांत उरकतात आणि नेमका धडाच निसटतो.

ठिणगीचे कोडे

जावा-येझदीसारख्या जुन्या गाड्यांत ठिणगीसाठी पॉइंट असतात. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून प्रवाह वाहतो. ते उघडताच प्रवाह एकदम तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन. गाडी पडून राहिली की पॉइंटच्या तोंडावर ऑक्साइडचा थर जमतो. तो विजेला अडवतो, त्यामुळे मुळात प्रवाहच पुरेसा वाहत नाही. मग तुटायला उरते काय? मिस्त्री पॉलिश पेपरने पॉइंट घासतो तेव्हा तो हा थर काढत असतो.

वर्गात करून पाहा

प्लास्टिकच्या भांड्यात १ लीटर पाणी घेऊन त्यात मोठा चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. गंजलेला बोल्ट १२ व्होल्टच्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि साधी लोखंडी सळई धन टोकाला जोडा. दोन्ही द्रावणात बुडवा, मात्र एकमेकांना लागू देऊ नका. दोन्हीकडे बुडबुडे दिसतील. ऋणाग्रावर हायड्रोजन, धनाग्रावर ऑक्सिजन. दोन-तीन तासांनी बोल्ट काढून ब्रशने घासा. गंजाचे काही अंशी क्षपण होऊन तो काळा पडलेला असतो, बुडबुड्यांनी सैलही झालेला असतो आणि चटकन निघतो.

आता हा बोल्ट कोरडा करून त्याच मापाच्या नव्या बोल्टबरोबर वजन करून पाहा. तो हलका भरेल. विजेने गंज निघाला, पण गंजात गेलेले लोखंड बोल्टवर परत बसले नाही. चकचकीत झालेली जुनी टाकी आतून पातळच राहिलेली असते, हे मुलांना येथे प्रत्यक्ष दिसते.

चार गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. प्रयोग उघड्या हवेत, ज्योतीपासून दूर करावा, कारण हायड्रोजन स्फोटक आहे. सोड्याऐवजी मीठ वापरू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन निघतो. धनाग्राला स्टेनलेस स्टीलचा चमचा लावू नये, कारण त्यातले क्रोमियम विषारी रूपात द्रावणात उतरते. आणि खऱ्या पेट्रोलच्या टाकीवर हा प्रयोग विद्यार्थ्यांनी कदापि करू नये. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते आणि जोडणी सुटताना उडालेली एक ठिणगीही त्याला पुरते. चित्रफितीत ही सूचना पुष्कळदा नसते. म्हणून ती शिक्षकाने द्यायला हवी.

शेवटी मुलांना एक काम द्यावे. घरची गाडी वर्षभर उभी ठेवायची असेल, तर मिस्त्री सांगतात: कार्बोरेटर रिकामा करा, प्लगच्या छिद्रातून थोडे तेल सोडा, बॅटरी काढून अधूनमधून चार्ज करा, चाके जमिनीपासून उचला. यातली प्रत्येक सूचना कोणती क्रिया रोखते, ते लिहून आणायला सांगावे. टाकीबाबत मात्र दोन मते आढळतात. काही जण ती रिकामी करून आतून तेलाचा हात फिरवायला सांगतात, तर काही जण काठोकाठ भरून ठेवायला सांगतात. टाकी भरलेली असली तर दमट हवेला जागा उरत नाही, हे खरे. पण आतले पेट्रोल इथेनॉलमिश्रित असेल आणि वर्षभर तसेच राहणार असेल, तर कोणाचे म्हणणे मानावे? या प्रश्नावर वर्गात वाद होऊ द्यावा.